पडद्यावरची शेती, पडद्यासमोरचा शेतकरी

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'ला जो मान मिळाला आहे, तो योग्यच आहे. मात्र त्यापूर्वी, १९१२ साली, दादासाहेब फाळके यांनी एक अगदी लहानशी फीत तयार केली होती, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या बीसमोर कॅमेरा रोवून त्यांनी त्याच्या वाढीची चित्रे दिवसामागून दिवस टिपली. अनेक दिवसांची ती वाढ पडद्यावर पाहता पाहता उलगडत असे. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ही फीत शेतकऱ्यांसाठी नव्हती. भांडवल देऊ शकणाऱ्यांना नव्या माध्यमाची शक्ती पटवून देणे, एवढाच तिचा हेतू होता. तरीही चित्रपट शेतीला काय देऊ शकतो, याचे उत्तर त्या वाटाण्याने दिले होते, असे म्हणावे लागेल. शेतीतल्या बहुतेक महत्त्वाच्या घडामोडी फार सावकाश घडतात, जमिनीखाली घडतात किंवा डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या आकारात घडतात. चित्रपट काळ आखडून दाखवतो, सूक्ष्म वस्तू मोठी करतो आणि शंभर कोसांवरचे शेत चावडीसमोर आणून उभे करतो.

या शक्तीचा उपयोग करून घेण्याचे प्रयत्न आपल्याकडे कमी झाले नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या काळात शेती, पशुपालन आणि अन्नधान्याचे उत्पादन या विषयांवर असंख्य माहितीपट निघाले आणि खेड्यापाड्यांत ते सामुदायिकरीत्या दाखवले गेले. परंतु अशा संध्याकाळींनी शेती बदलली काय, या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. काही ठिकाणी ती निश्चितपणे बदलली. पुष्कळ ठिकाणी फक्त करमणूक झाली. हा फरक कशामुळे पडला, हे तपासून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे ध्यानात येते. पडद्यावर काय दिसले यापेक्षा पडदा विझल्यावर समोर बसलेल्या माणसांनी काय केले, यावर त्या संध्याकाळीचे फलित अवलंबून होते. आज प्रत्येकाच्या खिशात स्वतंत्र पडदा आलेला असताना या अनुभवाची आठवण ठेवणे अगत्याचे झाले आहे.

प्रचारगाडीची संध्याकाळ

१९४८ साली केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली. शहरातल्या प्रेक्षकाला तिचे माहितीपट मुख्य चित्रपटाआधी सक्तीने पाहावे लागत. खेड्यांत ते सरकारी प्रचारगाड्यांतून जात. गाडी गावात आली की दवंडी पिटली जाई; शाळेच्या पटांगणात दोन बांबूंच्या आधाराने पांढरा पडदा ताणला जाई. जनित्राची घरघर सुरू झाली की पोरे पुढची जागा धरत, प्रतिष्ठितांसाठी खुर्च्या येत, बायका एका कडेला दाटीवाटीने बसत. ज्यांना समोर जागा मिळत नसे ते पडद्यामागे बसून उलटे चित्र पाहत. सुधारित बियाणे, रासायनिक खत, कंपोस्टचा खड्डा, पाटाचे पाणी असे विषय एकामागून एक सरत आणि रात्री उशिरा गाडी पुढच्या गावाची वाट धरी.

या खटाटोपाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. ज्या गावात वर्तमानपत्र पोचत नव्हते तेथे या गाडीने जगाची खिडकी उघडली. परंतु शिक्षण म्हणून तिच्या मर्यादा उघड होत्या. निवेदनाची भाषा पुष्कळदा ग्रंथाळ असे. जिराईत ज्वारी पिकवणाऱ्याने कालव्याखालचा गहू पाहावा, त्याचे कौतुक करावे आणि घरी जावे, असे घडे. शेतकऱ्याच्या मनात शंका आली तर ती विचारायची कोणाला? यंत्र चालवणारा माणूस यंत्राचा जाणकार असे, शेतीचा नव्हे. शंका मनातच राही आणि शंकेबरोबर नवी पद्धतही.

पुण्याचा प्रयोग

या शंकेला जागा करून दिली तर काय होते, याचा पुरावा महाराष्ट्राच्या भूमीवरच उपलब्ध आहे. तो चित्रपटाचा नसून आकाशवाणीचा आहे. पण सामुदायिक श्रवण आणि सामुदायिक दर्शन यांच्यापुढचा प्रश्न एकच असल्यामुळे त्याचा विचार येथे केलाच पाहिजे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांत दीडशे गावांमध्ये ग्रामीण श्रोतृमंडळे स्थापन केली. कल्पना कॅनडातील शेतकरी श्रोतृमंडळांवरून घेतलेली होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई आणि असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळाचे वीसेक सभासद एकत्र बसून तो ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत. संयोजक त्या चर्चेचा वृत्तान्त आणि निघालेले प्रश्न केंद्राकडे पाठवी. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली झाले. त्यात तीन प्रकारच्या गावांची तुलना होती: श्रोतृमंडळ असलेली गावे, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे आणि रेडिओच नसलेली गावे. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात मोठी वाढ झाल्याचे दिसले. उलट नुसता रेडिओ असलेल्या गावांतील वाढ त्या मानाने अगदी किरकोळ होती. याचा अर्थ असा की, ज्ञान पोचवण्याचे खरे काम यंत्राभोवती जमून बोलणाऱ्या माणसांनी केले. पुढे १९५९ पासून ही मंडळे देशभर काढण्यात आली. त्यांची संख्या वाढत गेली. पण संयोजकाला प्रशिक्षण देणे, त्याच्या पत्राला वेळेवर उत्तर देणे, ही जी कष्टाची बाजू होती तिच्याकडे तितकेसे लक्ष राहिले नाही. आपल्या अनेक योजनांप्रमाणे येथेही आकडा टिकला आणि आशय पातळ झाला.

उपग्रह आणि खेडे

दूरचित्रवाणी आली तेव्हा तिचे पहिले समर्थन शेतीच्याच नावाने करण्यात आले होते. २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषिदर्शन' सुरू झाले, ते दिल्लीच्या आसपासच्या ऐंशी गावांत बसवलेल्या सामुदायिक संचांसाठी. १९७२ च्या ऑक्टोबरात मुंबई केंद्र सुरू झाले आणि पुढे 'आमची माती, आमची माणसं' या कार्यक्रमाने मराठी घरांत शेतीला स्थान मिळवून दिले. याच विचाराचे सर्वांत मोठे रूप म्हणजे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षातील 'साइट' हा उपग्रह प्रयोग. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने आंध्र प्रदेश, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत सामुदायिक संचांवर कार्यक्रम दाखवण्यात आले.

तंत्रज्ञानाच्या दृष्टीने हा प्रयोग देशाला अभिमान वाटावा असा होता. आरोग्य, कुटुंबनियोजन, बाहेरच्या जगाची जाण या बाबतींत, विशेषतः निरक्षर स्त्रियांमध्ये, त्याचा चांगला परिणाम दिसून आला. शेतीच्या प्रत्यक्ष पद्धतींत मात्र तसा ठळक फरक पडला नाही. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. आरोग्याचे नियम सहा राज्यांत सारखे असतात. माती आणि पाऊस सारखे नसतात. उपग्रहाची दृष्टी जितकी विशाल, तितका त्याचा शेतीसल्ला ढोबळ, अशी ही अडचण होती.

याच काळात गुजरातेतील खेडा जिल्ह्यात भारतीय अवकाश संशोधन संस्थेने दुसरी वाट धरली. पीज या गावी एक लहान प्रक्षेपक उभारून जिल्ह्यापुरते कार्यक्रम सुरू झाले. कार्यक्रमांची बोली स्थानिक होती, पात्रे स्थानिक होती आणि विषयांत पिकांबरोबर मजुरी, जातिभेद, सावकारी यांनाही स्थान होते. अनेक गावांतील सामुदायिक संच दूध सहकारी संस्थांच्या आधाराने चालत. दूध घालायला येणारा माणूस रोज तेथे येतच असे. त्यामुळे पडद्याभोवतीचा समुदाय मुद्दाम जमवावा लागत नव्हता. एखादी संस्था आधीपासून उभी असेल तर तेथे चित्राला मूळ धरता येते, हा खेड्याच्या प्रयोगाचा बोध आहे.

'मंथन'चा धडा

हा बोध अधिक स्पष्टपणे दिसला तो त्याच परिसरातील दूध चळवळीने घडवलेल्या चित्रपटात. १९७६ सालच्या 'मंथन'साठी गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांचे भांडवल उभे केले, ही हकीगत सर्वश्रुत आहे. दिग्दर्शन श्याम बेनेगल यांचे होते आणि पटकथा विजय तेंडुलकर यांची. या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२४ साली या चित्रपटाची जीर्णोद्धारित प्रत कान महोत्सवात दाखवली गेली तेव्हा त्याची पुन्हा चर्चा झाली. परंतु त्याच्या इतिहासातील अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग चित्रपटगृहांबाहेर घडला. डॉ. वर्गीस कुरियन यांनी या चित्रपटाच्या १६ मिलिमीटरच्या प्रती करवून त्या गावोगाव पाठवल्या. प्रतीबरोबर पशुवैद्य, दुग्धतंत्रज्ञ असे जाणकारही जात. चित्रपट संपल्यावर गावकऱ्यांपुढे सहकारी संस्था काढण्याचा प्रश्न मांडला जाई आणि तो प्रश्न विचारणारे लोक दुसऱ्या दिवशीही उपलब्ध असत.

विशेष म्हणजे 'मंथन'मध्ये म्हशीचे दूध कसे वाढवावे याचा धडा नाही. दुधातील स्निग्धांश मोजून भाव ठरवायचा तर मोजणारा कोणाचा असावा, हा त्याचा विषय आहे. खाजगी डेअरीवाला, गावचा सरपंच, दलित वस्ती आणि बाहेरून आलेला सुशिक्षित डॉक्टर यांचे हितसंबंध कोठे जुळतात आणि कोठे आदळतात, ते तो दाखवतो. शेतीची समस्या केवळ तंत्राची नसते. भावाची आणि सत्तेचीही असते, हे खेड्यातल्या प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. ज्या चित्रात ही बाजू दिसते त्यावर तो विश्वास ठेवतो. बाबुराव पेंटर यांनी १९२५ सालीच 'सावकारी पाश' काढून हे सत्य मराठी मुलखात पडद्यावर आणले होते. सरकारी माहितीपटांना मात्र उत्पादन दिसे आणि उत्पादकाची कोंडी क्वचितच दिसे.

पडद्यावर कोण दिसतो?

चित्रीकरण स्वस्त झाल्यावर या विचाराने आणखी एक पाऊल पुढे टाकले. पूर्वीच्या मेदक जिल्ह्यातील झहीराबाद परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी स्त्रियांनी स्वतः कॅमेरा हाती घेतला आणि भरडधान्ये, बियाण्यांची जपणूक, बीटी कापसाचा अनुभव अशा विषयांवर चित्रपट केले. अक्षरओळख नसलेल्या बाईला कॅमेरा चालवता येतो, एवढेच सिद्ध होऊन ही गोष्ट थांबली नाही. कोणते पीक चित्र काढण्याजोगे आहे, हे ठरवण्याचा अधिकारही तिच्याकडे आला.

कर्नाटकात 'डिजिटल ग्रीन' या नावाने सुरू झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्याची रीत साधी होती. त्याच भागातील शेतकऱ्याला त्याच्याच शेतात एखादी पद्धत करून दाखवायला सांगायचे, त्याचे लहानसे चित्रण करायचे आणि आठवड्यातून काही संध्याकाळी गावातल्या लहान गटांना ते दाखवायचे. दाखवणारी व्यक्ती गावातलीच असे. ती चित्र मध्येच थांबवी, प्रश्न विचारी, कोणी काय करून पाहिले याची नोंद ठेवी. सोळा गावे आणि १,४७० कुटुंबे यांच्यात तेरा महिने चाललेल्या या चाचणीत, कर्मचाऱ्याने नुसत्या भेटी देण्याच्या रूढ पद्धतीपेक्षा काही पद्धतींचा स्वीकार सातपट झाला. एका स्वीकारामागे येणाऱ्या खर्चाच्या हिशेबाने ही रीत किमान दहापट किफायतशीर ठरली. एका भागातील एका चाचणीवरून सार्वत्रिक सिद्धान्त काढू नये, हे खरे. पण त्यात आढळलेली एक लहान गोष्ट आकड्यांइतकीच बोलकी आहे. चित्र सुरू होताच प्रेक्षक विचारीत, हा शेतकरी कोण आणि कोणत्या गावचा? तंत्र काय आहे याची चौकशी त्यानंतर होई.

माहितीचा बाजार

या प्रश्नात भाबडेपणा नाही; त्यात चोख आर्थिक तर्क आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सुमारे ८६ टक्के वहितिदार अल्प व अत्यल्प भूधारक आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने नवे वाण पेरले आणि ते फसले, तर त्याचे नुकसान टक्केवारीत मोजता येत नाही. त्याचे वर्ष जाते, कधी कधी जमीनही जाते. म्हणून नव्या पद्धतीची सरासरी किती चांगली, यापेक्षा आपल्यासारख्या जमिनीत, आपल्याएवढ्या ऐपतीच्या माणसाने ती केल्यावर काय झाले, हे त्याला हवे असते. बांधावरच्या शेजाऱ्याचा अनुभव हा त्याचा विमा असतो. परिचित चेहऱ्याचे चित्र हा विमा थोडा विस्तारते, इतकेच.

दुसरी बाब माहितीच्या स्वरूपाची. खताची गोणी एकाने वापरली की दुसऱ्याला उरत नाही. माहितीचे तसे नसते. ती वाटल्याने कमी होत नाही आणि म्हणूनच ती विकून नफा काढणे कठीण जाते. मग बाजार ती पुरवतो ती विक्रीच्या मालाला बांधून. औषधाबरोबर औषधाचा सल्ला फुकट मिळतो. औषधाची गरज नाही, हा सल्ला देण्यात कोणाचाच नफा नसतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००३ च्या अभ्यासात, जवळजवळ साठ टक्के शेतकरी कुटुंबांना आधुनिक तंत्राची माहिती कोणत्याही मार्गाने मिळत नसल्याचे आढळले. ज्यांना मिळत होती त्यांच्या मार्गांत प्रगतिशील शेतकरी पहिला (सुमारे १७ टक्के कुटुंबे) आणि खते-औषधांचा विक्रेता दुसरा (सुमारे १३ टक्के) होता. सरकारी विस्तार कर्मचाऱ्याचा वाटा सहा टक्क्यांच्या आत होता. त्यानंतर २००४ साली किसान कॉल सेंटर आले, २०१५ साली 'डीडी किसान' वाहिनी आली, मोबाईल घरोघर पोचला. माहितीचा दुष्काळ ओसरला; सल्ल्यामागचा हेतू ओळखण्याची अडचण मात्र कायम राहिली.

एकट्याचा पडदा

आता शेतीचे चित्र पाहण्यासाठी पटांगणात जावे लागत नाही. बांधावर बसून हव्या त्या पिकाची चित्रफीत पाहता येते. हे मोठे सामर्थ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. २०१८ साली कर्नाटकात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच वर्षी महाराष्ट्रात पसरली. डोक्यावरची उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी खूण आणि शेपटाकडचे चार ठिपके या तिच्या ओळखीच्या खुणा शब्दांपेक्षा चित्राने लवकर समजल्या. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीची डोमकळी एकदा नीट पाहिली की पुन्हा सांगावी लागत नाही.

परंतु एकट्याच्या पडद्यात तीन गोष्टी हरवतात. पहिली म्हणजे प्रतिवाद. पटांगणात एखादा म्हातारा शेतकरी उठून 'हे आपल्या काळ्या जमिनीत व्हायचे नाही' असे म्हणू शकतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते. फोनमधल्या चित्राला कोणी आडवा प्रश्न करीत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे जाहिरात आणि शिक्षण यांच्यातली सीमारेषा. फोनवर ती पुसट होते. अमुक द्रव फवारून विक्रमी उत्पन्न काढल्याची कथा सांगणारा अनुभव सांगतो आहे की माल विकतो आहे, हे एकट्याला कळणे कठीण.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. फोन बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हाती असतो. शेतातले काम मात्र तो एकटा करीत नाही. लावणी, खुरपणी, वेचणी बायका करतात. फवारणी पुष्कळदा भूमिहीन मजूर करतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडोंना रुग्णालयात जावे लागले. त्यांत शेतमजुरांचा भरणा होता. त्या वर्षी पीक माणसाच्या उंचीला भिडले होते, औषधांची मिश्रणे केली जात होती आणि हातमोजे, तोंडावरचे आवरण यांचा पत्ता नव्हता. वाऱ्याची दिशा पाहून फवारणे, मिश्रण हाताने न ढवळणे, उपाशीपोटी काम न करणे, मळमळ सुरू होताच थांबणे, या गोष्टी दाखवायला दहा मिनिटांचे चित्र पुरते. प्रश्न ते चित्र कोणी पाहायचे, हा आहे. मालकाने आपल्या फोनवर ते पाहिले आणि मजुराने पाहिले नाही, तर ते पाहूनही न पाहिल्यासारखेच झाले. मालक आणि मजूर यांनी ते एकत्र पाहिले तर मजुराला हातमोजे मागण्याचे बळ मिळते आणि मालकाला 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणता येत नाही. सामुदायिक दर्शनाचे मोल येथे शिक्षणापेक्षाही मोठे आहे. तेथे गावासमक्ष एक जबाबदारी ठरते.

साधने आहेत, योजना हवी

अशा संध्याकाळी पुन्हा सुरू करायला आता जनित्र आणि प्रचारगाडी लागत नाही. पुष्कळ शाळांत आणि ग्रामपंचायतींत प्रक्षेपक किंवा मोठा पडदा आहे. लोक येतील काय, ही शंकाही रास्त नाही. पाणी फाउंडेशनची स्पर्धा २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली, तेव्हा पाणलोटाचे शास्त्र गावकऱ्यांना समजावण्यासाठी चित्रफितींचा मोठा उपयोग करण्यात आला. पण त्या चित्रांमागे प्रशिक्षण होते आणि पुढे हातात घ्यायचे फावडे होते, म्हणून लोक आले. कृषिखात्याच्या शेतीशाळांची कल्पनाही अशीच, गटाने शेतात जाऊन पाहण्याची आणि ठरवण्याची आहे. १९८९ साली इंडोनेशियातील भातशेतीत तिचा उगम झाला. शेतीशाळेला पडद्याची आणि पडद्याला शेतीशाळेची जोड दिली, तर दोन्ही सबळ होतील.

एवढे मात्र पथ्य पाळावे लागेल. चित्र त्याच पंचक्रोशीतले आणि येत्या पंधरवड्यातल्या कामाचे असावे; मेमध्ये बीजप्रक्रियेचे, ऑगस्टमध्ये फवारणीचे. त्यात यशाबरोबर खर्चाचा आणि फसलेल्या प्रयत्नाचाही हिशेब असावा. ते मध्येच थांबवून प्रश्न विचारणारा माणूस गावातला असावा. ज्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळत नाही तो लिहून घेऊन राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली येथील विद्यापीठाकडे पाठवावा आणि पुढच्या बैठकीत उत्तर वाचून दाखवावे. कोणत्याही विक्रेत्याचा पैसा त्यात नसावा. असल्यास तो आरंभीच जाहीर करावा. वेळ आणि जागा अशी निवडावी की, बायकांना आणि मजूरवस्तीला येण्यास संकोच वाटू नये.

हे काम कृषिखात्याच्या गावपातळीवरील एकट्या कर्मचाऱ्याच्या बळावर होणार नाही; त्याच्याकडे गावे अनेक असतात आणि कागदपत्रेही. येथे शिक्षक, ग्रंथपाल, सहकारी सोसायटीचा सचिव, महाविद्यालयीन विद्यार्थी यांना वाव आहे. १९६९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी खेड्यांत भरतात. रस्त्याच्या कडेला श्रमदान करणे चांगलेच. पण त्याच विद्यार्थ्यांनी एका शेतकऱ्याचा अनुभव नीट चित्रित केला आणि दहा संध्याकाळी तो दाखवून चर्चेची टिपणे घेतली, तर अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र त्यांना वर्गापेक्षा अधिक समजेल.

शहरांतही अशा संध्याकाळींची निकड कमी नाही. कांद्याचा भाव चढला की आरडाओरड करणारा आणि तो कोसळला की गप्प राहणारा ग्राहक हा शेतीच्या अर्थकारणातला मोठा घटक आहे. 'गाभ्रीचा पाऊस' किंवा 'नीरोज गेस्ट्स' यांसारखे विदर्भातील शेतकऱ्याचे दुःख मांडणारे २००९ सालचे चित्रपट एखाद्या महाविद्यालयात वा कर्मचारी संघटनेच्या सभागृहात दाखवावेत. त्यानंतर एखाद्या कांदा उत्पादकाला बोलावून लागवडीपासून बाजार समितीपर्यंतचा खर्च फळ्यावर मांडायला सांगावे. मग निर्यातबंदीच्या बातमीचा अर्थ पगारदारालाही निराळा दिसू लागेल. चित्रपट पाहून डोळे ओलावणे सोपे असते; फळ्यावरचा हिशेब डोळ्यांसमोरून लवकर जात नाही.

किती गावांत किती चित्रे दाखवली आणि किती प्रेक्षक आले, हे आकडे अहवालात शोभून दिसतात. प्रचारगाडीच्या काळात ते तसे भरलेही जात. या संध्याकाळी पुन्हा सुरू होतील तेव्हा वहीत वेगळे रकाने असावेत: कोणता प्रश्न विचारला गेला, त्याचे उत्तर कधी मिळाले, पुढच्या हंगामात किती जणांनी ती गोष्ट करून पाहिली, किती जणांनी ती विचारपूर्वक नाकारली आणि का. शेतकऱ्याचा नकार हेही ज्ञान आहे, एवढे मान्य करण्याची तयारी चित्र दाखवणाऱ्यांनी ठेवली, तर पडद्यासमोर बसलेला माणूस बोलू लागेल.